बिनलेबलाचे डबे

ओंटारियोच्या गावाकडच्या लिलावात फोनोग्राफ कधी लपून राहत नाही. ओकची पेटी, उजव्या अंगाला चावी, वर काळा किंवा पितळी कर्णा. लिलाववाला तो टेबलाच्या मधोमध मांडतो आणि बोली चढत जाते. सिलिंडर मात्र टेबलाखाली, फळांच्या रिकाम्या खोक्यात टाकलेले असतात. वरच्या थरात एडिसनची छबी छापलेले गोल पुठ्ठ्याचे डबे. आत काय आहे ते झाकणावर लिहिलेलं. बँड, विनोदी गाणी, चर्चमधली भजनं. लोक ते उचलतात, नावं वाचतात, परत ठेवतात. तळाशी कधीकधी दोनचार डबे असे निघतात की ज्यांच्यावर काहीच नसतं, किंवा असलंच तर पेन्सिलीचं एखादं पुसट अक्षर. ते बघायला सहसा कोणी वाकत नाही. हा लेख त्या तळाच्या डब्यांबद्दल आहे.

सिलिंडर म्हटलं की मराठी माणसाला गॅसचाच आठवतो, म्हणून आधी वस्तूची ओळख करून देते. साधारण साडेदहा सेंटिमीटर लांब आणि साडेपाच सेंटिमीटर जाड अशी पोकळ नळी. सगळे तिला मेणाची म्हणतात, पण मधमाशीच्या मेणाशी तिचं नातं नाही. स्टिअरिक आम्लापासून केलेला तो एक कडक साबणच आहे. तिच्या अंगावर इंचाला १०० आटे या हिशोबाने एकच अखंड खाच फिरत जाते. तबकडीची सुई डावी-उजवीकडे थरथरते, सिलिंडरची वर-खाली. आवाज मोठा तशी खाच खोल. पुढे ठरलेला वेग मिनिटाला १६० फेरे, म्हणजे दोन मिनिटांत खेळ खलास. १९०८ साली एडिसनच्या कंपनीने आटे दुप्पट बारीक करून चार मिनिटांची सोय केली, १९१२ साली निळ्या सेल्युलॉइडचे ‘ब्लू अँबरॉल’ आणले, ज्यांच्या पोटात प्लास्टर ऑफ पॅरिस असे, आणि १९२९ साली दुकानच आवरलं.

संग्राहकांच्या बोलण्यात मुख्य भेद रंगाचा असतो. १९०२ पासून साच्यात ओतून काढलेले काळे सिलिंडर बाजारात आले. त्याआधीचे तपकिरी. तपकिरी मेण जरा मऊ, आणि कोरेही विकत मिळे. मऊ म्हणजे त्यावर कोरता येई. ‘ब्राउन वॅक्स’ हे दोन शब्द उच्चारताना जुन्या संग्राहकाचा चेहरा बदलतो तो यामुळे. काळा सिलिंडर ही हजारोंतली एक प्रत. तपकिरीवर बाजारचं गाणं असेलही, पण त्यावर कुणाच्या बैठकीच्या खोलीतलं हसणंही असू शकतं, आणि त्याची दुसरी प्रत जगात कुठेही नसते.

या नादात कॅनडाचा वाटा वाटतो त्याहून मोठा आहे. एडिसन अमेरिकन खरा, पण त्याचे वडील सॅम्युएल ओंटारियोतल्या व्हिएन्ना गावचे. १८३७ च्या बंडात ते सरकारविरुद्ध उभे राहिले आणि बंड फसल्यावर सीमेपलीकडे पळाले. थॉमस स्वतः १८६३ साली पोरसवदा वयात ओंटारियोतल्या स्ट्रॅटफर्ड स्टेशनात रात्रपाळीचा तारमास्तर होता. डिसेंबर १८७७ मध्ये त्याने कथलाच्या पत्र्यावर आवाज उमटवला, जगाला थक्क केलं, आणि मग विजेच्या दिव्यामागे लागून हे खेळणं बाजूला टाकलं. ते उचललं टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलच्या मंडळींनी. बेल तरुणपणी ओंटारियोतल्या ब्रँटफर्डला राहिलेला. शेवटही त्याचा नोव्हा स्कोशियातल्या बॅडेकला, १९२२ साली. फ्रेंच सरकारने दिलेल्या व्होल्टा पारितोषिकाच्या ५०,००० फ्रँकांतून त्याने वॉशिंग्टनला प्रयोगशाळा थाटली आणि तिथे त्याचा चुलतभाऊ चिचेस्टर बेल आणि चार्ल्स समनर टेंटर यांनी पत्र्याऐवजी मेण वापरून पाहिलं. पत्रा दोनचार वेळा वाजला की फाटायचा, मेण टिकायचं. १८८६ साली त्याचं पेटंट मिळालं. मग एडिसन खडबडून जागा झाला आणि १८८८ मध्ये त्याने संपूर्ण मेणाचा, पुन्हापुन्हा तासून वापरता येणारा सिलिंडर केला.

त्याच वर्षी ११ सप्टेंबरला टोरांटोच्या औद्योगिक प्रदर्शनात एडिसनचं हे नवं यंत्र आलं. गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांनी त्यात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आणि जनता यांना उद्देशून शुभेच्छा बोलून ठेवल्या. बर्फावरच्या हॉकीतला स्टॅन्ली कप ज्यांच्या नावाचा, तेच हे. आज ऐकू येते ती मूळ सिलिंडरवरून नंतर घेतलेली नक्कल. आवाज खरखरीत, शब्द औपचारिक, लाटसाहेबाला शोभतील असे. इतिहास म्हणून मोलाचं आहे, पण लाटसाहेब प्रदर्शनात काय बोलतील हे न ऐकताही सांगता आलं असतं. घरात माणसं काय बोलत होती, ते नाही सांगता येत.

घरात बोलायची सोय यंत्रातच होती. हे आज सहजी ध्यानात येत नाही, कारण पुढे जिंकली ती तबकडी, आणि तबकडीचा ग्रामोफोन फक्त बोलायचा. ऐकून घेणं त्याला येत नव्हतं. एडिसनचा फोनोग्राफ दोन्ही करायचा. १८९६ साली ‘होम’ हे मॉडेल ४० डॉलरला निघालं, १८९८ साली ‘स्टँडर्ड’ २० डॉलरला, आणि वर्षभरात चिमुकलं ‘जेम’ साडेसात डॉलरला. पडदा आणि सुई असलेली वाजवायची डबी काढायची, तशीच कोरायची डबी बसवायची, कोरा सिलिंडर चढवायचा आणि कर्ण्यात तोंड घालून ओरडायचं. ओरडायचंच. वीज नाही, मायक्रोफोन नाही. आवाजाच्या धक्क्याने काचेचा पातळ पडदा हलणार, त्याला जोडलेली नीलमण्याची सुई मेण खरवडणार. हलक्या आवाजाला इथे थारा नव्हता. लाजाळू माणसाचा आवाज त्या काळातून फारसा आपल्यापर्यंत पोचलेला नाही, असं मला वाटतं. जे पोचले ते गडगडणारे काका आणि धीट पोरं.

नको झालेला आवाज पुसायचीही सोय होती. बऱ्याच यंत्रांना सिलिंडर तासायचं पातं असे. वरचा थर खरवडला, मेणाचा भुगा फुंकरीने उडवला, की सिलिंडर पुन्हा कोरा. कोऱ्याला पैसे पडत, त्यामुळे माणसं तासत. घरगुती सिलिंडर इतके थोडे का उरले, याचं उत्तर इथे आहे. काही फुटले, काहींना बुरशीने खाल्लं; पण कित्येक आवाज ज्यांनी भरले त्यांनीच पुढच्या रविवारी काढून टाकले. कुणाचाही त्यात दोष नाही. आपल्या पोराचं बोबडं गाणं शंभर वर्षांनी कुणी ऐकेल असं कुठल्या बापाला वाटतं?

जे वाचलं त्याला आता मान आहे. अमेरिकेत डेव्हिड जिओव्हानोनी या संग्राहकाने असे घरगुती सिलिंडर वर्षानुवर्षं वेचले आणि ते सँटा बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सिलिंडर संग्रहात गेले. तिथल्या या घरगुती ध्वनिमुद्रणांचा समावेश अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत केला, २०१४ सालच्या यादीत. त्यात गाणी आहेत, वाद्यं आहेत, विनोद आहेत, तान्ह्या बाळांचं रडणं आहे, कोंबड्या-डुकरांच्या नकला आहेत. राष्ट्रीय ठेव्याच्या यादीत डुकराची नक्कल बसली याचा मला मनापासून आनंद आहे.

टोरांटोत १९७० पासून कॅनेडियन अँटिक फोनोग्राफ सोसायटी आहे. अशा मंडळींत रमणारे लोक बहुतेक यंत्रवाले. स्प्रिंग कशी बदलायची, कर्ण्याचा मूळ रंग कोणता, डबी मूळची की मागून बसवलेली, यावर ते तासन्‌तास बोलतील. डबी हा त्यातला संवेदनशील विषय. काळ्या मोल्डेड सिलिंडरसाठी केलेली ‘मॉडेल सी’ डबी जड असते; ती तपकिरी मेणावर टेकवणं म्हणजे खाचेवर नांगर फिरवणं. चार मिनिटांची ‘मॉडेल एच’ दोन मिनिटांच्या सिलिंडरवर चालवायची नाही. नवख्याला हे सगळे हिरिरीने बजावतात. एकदा का यंत्र दुरुस्त झालं, की वाजवायला मात्र तेच ते ठरलेले बँड आणि तीच ती विनोदी गाणी. मला या मंडळींबद्दल आदर आहे, त्यांच्याशिवाय एकही सिलिंडर आज वाजला नसता. पण यंत्राइतकं प्रेम त्यांनी तळाच्या डब्यांवर केलं असतं तर बरं झालं असतं.

माझ्याकडच्या एका तपकिरी सिलिंडरबद्दल सांगते. डबा साधा, आतून कापसाचं अस्तर, झाकणावर काही नाही. तो मी हिवाळ्यात घेतला, आणि कॅनडातल्या हिवाळ्यात सिलिंडर घेतला की पहिला नियम संयमाचा: गाडीतून घरात आणायचा आणि डबा तसाच मिटलेला रात्रभर ठेवायचा. बाहेर उणे पंधरा आणि हाताला ऊब, एवढ्या फरकाने मेण तडकतं. दुसरा नियम बोटांचा. सिलिंडरला बाहेरून हात लावायचा नाही. तर्जनी आणि मधलं बोट मिटून पोकळीत घालायची, आत हलकेच फाकवायची आणि तेवढ्याच दाबावर तो वर उचलायचा. पोकळी निमुळती असते, म्हणून यंत्राच्या दांडीवर तो एकाच बाजूने चढतो. उलटा घालायचा हट्ट केला तर फुटतो. उजेडात तिरका धरून पाहिलं तर कोरलेला भाग मंद चमकतो आणि न कोरलेला गुळगुळीत दिसतो. माझ्या सिलिंडरवर दोनतृतीयांशच कोरलेलं होतं, आणि एका टोकाला बुरशीचे पांढुरके ठिपके. ते पुसायचे नसतात. बुरशीने मेण खाल्लेलं असतं, पुसून ते परत येत नाही. उलट खाच जाते.

जुन्या यंत्रावर तो मी कधीच लावला नाही. हलक्या सुईच्या विजेवरच्या यंत्रावर एकदा वाजवून त्याची फाइल करून घेतली आणि आता ऐकते ती फाइल. पहिला प्रश्न वेगाचा येतो. घरी भरताना वेळ वाढवायला माणसं यंत्र हळू फिरवत, त्यामुळे १६० फेऱ्यांवर लावलं की सगळे खारीसारखे बोलतात. या सिलिंडरमध्ये मागे कुणी पेटी-ऑर्गन वाजवतंय. तिचे सूर खऱ्या पट्टीशी जुळेपर्यंत वेग उतरवला, तेव्हा खार जाऊन माणूस आला. पुरुष आहे, वयस्कर असावा. आधी तो घसा खाकरतो. मग जोरात महिना आणि तारीख सांगतो, आणि नेमकं साल सांगताना बुरशीचा पट्टा येतो; दर फेऱ्याला भस्‌ भस्‌ असा आवाज, आणि त्याखाली साल बुडालेलं. मग एक मुलगी कविता म्हणायला लागते, मध्येच अडते, पुरुष कुजबुजून पुढचा शब्द देतो. ती कुजबूज सगळ्यात स्पष्ट आहे, कारण तो कर्ण्याच्या अगदी तोंडाशी असणार. एक बाई हसते. मुलगी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते आणि तिथेच खाच संपते.

ही माणसं कोण, हे कळायला मार्ग नाही. शेतघराचं सामान एका लिलावातून दुसऱ्या लिलावात जातं, आणि मध्ये पत्ता गळतो. इतिहासकाराच्या दृष्टीने हा सिलिंडर जवळजवळ निरुपयोगी आहे. बाजारातही त्याला फार भाव नाही. गाजलेल्या गायकाचा काळा सिलिंडर त्याच्यापेक्षा महाग जाईल.

याच देशात आणि त्याच्या सीमेलगत दुसऱ्या प्रकारच्या मेणाच्या नळ्या आहेत, ज्यांचे वारस समोर उभे आहेत. मार्च १८९० मध्ये जेसी वॉल्टर फ्यूक्स हा अमेरिकन संशोधक मेनमधल्या कॅलिस या गावी फोनोग्राफ घेऊन गेला. समोर सेंट क्रॉय नदी, पलीकडच्या काठावर कॅनडाचा न्यू ब्रन्सविक प्रांत. तिथे पासामाक्वॉडी या मूळनिवासी लोकांपैकी नोएल जोसेफ्स आणि पीटर सेलमोर यांची गाणी आणि कथा त्याने भरून घेतल्या. संशोधनाच्या कामासाठी लोकांमध्ये जाऊन केलेलं जगातलं हे पहिलं ध्वनिमुद्रण मानतात. त्यातले ३१ सिलिंडर टिकले.

मग ही रीतच पडली. न्यूझीलंडहून आलेल्या डायमंड जेनेसने कॅनडाच्या आर्क्टिक मोहिमेत, १९१४ ते १९१६ च्या दरम्यान, कॉपर इन्युइटांची गाणी सिलिंडरवर घेतली. १९२५ मध्ये हेलन रॉबर्ट्‌सबरोबर त्यांचा ग्रंथ काढला. क्वेबेकच्या मारियुस बार्बोने १९११ साली लोरेटच्या ह्युरॉन-वेंडाट वस्तीपासून सुरुवात केली आणि पुढे फ्रेंच शेतकऱ्यांची गाणीही हजारोंनी जमवली. सिलिंडर महाग, म्हणून लांबलचक गाण्याची सुरुवातीची कडवी मेणावर आणि बाकीची कागदावर, असा त्याचा काटकसरी खाक्या. ब्रिटिश कोलंबियात जेम्स टेट हा शेटलंड बेटांवरून आलेला माणूस नलाकापामुख लोकांतच राहत होता. त्याने गाण्यांबरोबर गाणाऱ्यांची नावंही टिपली, त्यांचे फोटो काढले. सगळेच अभ्यासक असं वागले नाहीत, आणि ज्यांनी नावं लिहिली नाहीत त्यांचे सिलिंडर माझ्या डब्याच्या जवळचे आहेत.

मेख पुढेच आहे. ज्या सरकारच्या संग्रहालयासाठी ही गाणी गोळा होत होती, त्याच सरकारने पश्चिम किनाऱ्यावरचा पॉटलॅच हा दानसोहळा कायद्याने बंद केलेला होता. १८८५ ते १९५१ इतकी वर्षं तो गुन्हा होता. गाणं मेणावर चाललं, अंगणात नाही. मूळनिवासींच्या मुलांना निवासी शाळांत घालून त्यांची भाषा तोडली ती वेगळीच. म्हणजे पुढची पिढी जे विसरावं म्हणून सरकारी खर्चाने खटपट चालली होती, तेच सरकारी खर्चाने कपाटात जपलं जात होतं. संग्राहकाच्या नजरेत हे कपाट सुदैवाचं. त्या घरातल्या माणसाच्या नजरेत काय असेल, ते जेरेमी डचरकडे पाहून थोडंसं समजतं.

डचर हा न्यू ब्रन्सविकच्या टोबिक वस्तीतला वोलास्तोकियिक तरुण. हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठात संगीत आणि मानववंशशास्त्र शिकलेला, पाश्चात्त्य ऑपेराच्या घडणीचा टेनर. मॅगी पॉल या ज्येष्ठ गायिकेने त्याला सांगितलं की आपली जुनी गाणी ओटावाजवळ संग्रहालयात आहेत, ती जाऊन ऐक. गॅटिनोच्या कॅनेडियन इतिहास संग्रहालयात विल्यम मेक्लिंगने १९०७ ते १९१४ या काळात भरलेले सिलिंडर होते. डचरने कानाला हेडफोन लावून ती गाणी स्वरलिपीत उतरवली. बोलणारे शंभरेक उरलेल्या भाषेतली गाणी, शंभर वर्षांपूर्वीचे आवाज, आणि ऐकणारा त्यांचाच नातू-पणतू. २०१८ मध्ये त्याने ‘वोलास्तोकियिक लिंतुवाकोनावा’ हा अल्बम काढला. त्यात पियानो आहे, तंतुवाद्यं आहेत, आणि मध्येच सिलिंडरचा खरखरणारा म्हातारा आवाज येतो. डचर त्याच्याबरोबर गातो. त्या वर्षीचं पोलारिस पारितोषिक त्याला मिळालं, पुढच्या वर्षी जुनोही. मला त्यात सगळ्यात आवडतं ते असं की त्याने खरखर साफ करून टाकली नाही. स्टुडिओत ती सहज पुसता आली असती.

पासामाक्वॉडी लोकांच्या ३१ सिलिंडरांचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं, कारण तिथे संग्राहकाच्या धर्माला धक्का बसतो. लायब्ररी ऑफ काँग्रेसने ते नव्या तंत्राने पुन्हा उतरवून घेतले आणि कोणतं गाणं कुणाला ऐकू द्यायचं हे ठरवण्यात त्या लोकांनाच मुख्य स्थान दिलं. गाण्यांचे शब्द त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच जाणत्यांनी उतरवले. काही सर्वांना खुली झाली. काही विधींची, म्हणून ती घरातच ठेवायची. आमच्यासारख्यांची वृत्ती अशी की आवाज सापडला की तो सगळ्यांचा. तसं नाही. आपल्याकडे एखाद्या घराण्याची चीज बाहेर द्यायची की नाही यावरून केवढे रुसवेफुगवे झाले, ते आठवलं तर मराठी माणसाला यात नवल वाटू नये.

आपल्याकडचा हिशोब वेगळाच लागला. भारतात मेणाचं युग जवळपास आलंच नाही, थेट तबकडीच आली. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग १९०२ च्या अखेरीस कलकत्त्याला उतरला, गौहर जानचं गाणं भरलं, आणि तबकड्या जर्मनीत हानोव्हरला छापून आल्या. किर्लोस्कर मंडळीतले भाऊराव कोल्हटकर त्याआधी १९०१ साली गेले होते. ज्या आवाजाने महाराष्ट्र वेडा केला असं आपण वाचतो, तो आपल्याकडे नाही. सिलिंडरवर भरणारा एक मोठा भारतीय होता तो कलकत्त्यातच: कुंतलीन तेलवाले हेमेंद्रमोहन बोस. स्वदेशीच्या दिवसांत त्यांनी रवींद्रनाथांचा आवाज मेणावर घेतला. पुढे पाथे कंपनीने त्यांच्या सिलिंडरवरून तबकड्या काढल्या. बंगालच्या दमट हवेत मेण टिकणार किती! तबकड्यांवर उतरलं तेवढंच हाती लागलं.

पुण्यात २०१२ साली मोठी खळबळ झाली होती, ती पुष्कळांना आठवत असेल. १९१५ च्या गणेशोत्सवात केसरीवाड्यात भरलेलं म्हणून एक ध्वनिमुद्रण पुढे आलं. भास्करबुवा बखल्यांचं गाणं चाललंय, श्रोते गोंगाट करताहेत, आणि लोकमान्य टिळक त्यांना दटावताहेत, असा दावा. कराचीच्या एका संगीतवेड्या शेठजींनी परदेशातून यंत्र आणून ते भरलं, असं सांगितलं गेलं. ना बुवांचं गाणं आपल्याकडे, ना टिळकांचा आवाज. एका फटक्यात दोन्ही! महाराष्ट्र हरखला, आणि जाणकारांनी शंका काढल्या. मला इथे बाजू घ्यायची नाही, पण सिलिंडरवाल्यांची सवय सांगते. ते आधी गाणं ऐकतच नाहीत. मूळ वस्तू दाखवा म्हणतात: मेण की तबकडी, रंग कोणता, आटे किती. १९१५ चं साधं घरगुती यंत्र सलग चारेक मिनिटांहून जास्त सहसा भरू शकत नसे. कर्ण्यापासून दूर बसलेल्या माणसाचा आवाज त्यात येणं कठीण, भरल्या मांडवातला तर फारच. हे प्रश्न अश्रद्धेचे नाहीत. आवाजाला वस्तूचा आधार लागतो, आणि वस्तू खोटं बोलायला फार कचरते.

१९९० मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ उभी राहिली, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले भौतिकशास्त्रज्ञ सुरेश चांदवणकर तिच्या संस्थापकांपैकी. त्यांच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’मध्ये ही वस्तू तपासायची शिस्त वर्षानुवर्षं दिसत आली. पण तिथेही विषय मुख्यतः छापील तबकडी. आपल्या घराचा आवाज आपल्याकडे शेकड्याने यायला स्पूलचा टेपरेकॉर्डर आणि त्यानंतर कॅसेट यावी लागली.

आणि तो आवाज कॅनडात पुष्कळ आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत टोरांटो, मॉन्ट्रियल, कॅलगरीला आलेल्या मराठी कुटुंबांना भारतात फोन करणं परवडत नसे. ट्रंककॉल नोंदवायचा, ताटकळायचं, तीन मिनिटांत ‘ऐकू येतंय का’ एवढंच बोलून व्हायचं. मग कुणी इकडे येणार असलं की त्याच्याबरोबर कॅसेट यायची. साठ मिनिटांची, दोन्ही बाजू भरलेली. आधी वडील, गंभीरपणे, जणू आकाशवाणीवर. मग आई, ‘काय बोलू, तुम्हीच बोला’ म्हणत दूर सरणारी आणि शेवटी सगळ्यांत जास्त बोलणारी. मागे कुकरची शिट्टी, रस्त्यावरचा बोहारणीचा पुकारा, शेजारच्या रेडिओवरच्या बातम्या. भाजीचे भाव, कुणाचं लग्न ठरलं, नळाला पाणी किती वाजता येतं. मराठी मंडळांच्या गणपतीत केलेल्या नाटकांच्या, हौशी गाण्यांच्या कॅसेटही त्याच खोक्यांत आहेत.

ही खोकी आता बेसमेंटमध्ये आहेत आणि ती ज्यांची, त्यांची मुलं मराठी समजतात पण बोलत नाहीत. घर विकायला काढलं की खोकी बाहेर येतात. मी अशी पाहिली आहेत. ‘पुणे १’, ‘आईची’, ‘मिळालेली’ अशी लेबलं. काहींवर काहीच नाही. चुंबकीय फितीवरचा थर सुटतो, जुन्या फितीवर एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यात उतरून पुसट प्रतिध्वनी येतो, पण बहुतेक वाजतात, आणि फाइल करायला साधं यंत्र पुरतं. अडचण यंत्राची नाहीच. ‘मिळालेली’ कुणाकडून मिळाली, हे सांगू शकणारी माणसं सध्या ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना शेजारी बसवून ऐकलं आणि नावं लिहून घेतली, तर टेटने केलं तेच काम होतं, आणि त्याला एक रविवार पुरतो.

त्यातल्या पुष्कळ कॅसेट मध्येच तुटतात. आजोबा काहीतरी सांगत असतात आणि वाक्याच्या मधोमध खट्‌ आवाज होऊन एखादं गाणं सुरू होतं. परदेशात कोरी कॅसेट महाग नव्हती, पण आणायला जायचा कंटाळा, आणि रेडिओवरचं गाणं तर आत्ताच लागलेलं. पुसलं जाऊ नये म्हणून कॅसेटच्या माथ्यावर दोन प्लॅस्टिकच्या चिपा असत. त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा भरता येत नसे. काही शहाण्या वडिलांनी पत्राच्या कॅसेटच्या चिपा मोडून ठेवल्याही. मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली की पुन्हा भरता येतं, हा शोध प्रत्येक घरातल्या पोरांनी आपापला लावला होता.